एक सातबारा, एक टोकन

२ ऑक्टोबर २००६, दसरा. सकाळी ९.

नवी डायरी. मागच्या तीन डायऱ्या एक जानेवारीला सुरू केल्या आणि संक्रांतीच्या आत संपल्या. दोष जानेवारीचा. म्हणून यंदा मुहूर्त बदलला.

काम मिळालं! दिग्रसच्या माणकेश्वर सहकारी संघाच्या कापूस खरेदी केंद्राला इंटरनेटवर चालणारी टोकन सिस्टीम पाहिजे. शेतकऱ्यानं जवळच्या नेट कॅफेत जायचं, नंबर लावायचा, तारीख घ्यायची, त्या तारखेला कापूस आणायचा आणि संध्याकाळी घरी. आज तिथे काय चालतं? गाड्यांची रांग गेटपासून नाल्यापर्यंत. चार-चार दिवस माणसं गाडीखाली झोपतात. गेटवर बाबूसिंग नावाचा चौकीदार आहे. तो गाडीच्या फळीवर गेरूनं आकडा काढतो आणि अख्खी रांग डोक्यात ठेवतो. जग कुठे चाललंय आणि दिग्रसचा कापूस बाबूसिंगच्या डोक्यात!

संघाचे व्यवस्थापक रामधनजी यांनी विचारलं, खरेदी दिवाळीनंतर सुरू होईल, तोवर जमेल का. मी म्हणालो, दिवाळीच्या आधी देतो. त्यांनी तेवढं मागितलं नव्हतं. पण यवतमाळात कोणी वेळेच्या आधी काही देत नाही, म्हणून मुद्दाम म्हणालो.

संकल्प: पहिला आठवडा सर्व्हर आणि डेटाबेस ठरवणे. दुसरा आठवडा प्रोग्राम. तिसरा आठवडा विश्रांती. शिवाय रोज सकाळी फिरायला जाणे.

३ ऑक्टोबर.

फिरायला गेलो नाही. विचार करत होतो.

हे काम माझ्यासाठी नुसतं काम नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. निकिता आमच्याकडे राहून नर्सिंग शिकते. ती माझ्या पत्नीच्या, रजनीच्या मावसबहिणीची, म्हणजे दिग्रसजवळच्या इंदूबाईंची मुलगी. इंदूबाईंचे यजमान वारले, दीर वेगळा झाला. मागच्या डिसेंबरात त्यांची गाडी रांगेत लागली. एकट्या बाईनं उघड्यावर रात्री कशा काढायच्या, म्हणून निकिता सोबतीला गेली आणि तिकडे तिची परीक्षा बुडाली. वर्ष वाया. यंदा पुन्हा पहिलंच वर्ष. यंदा गैरहजर राहिली तर नाव कमी करतील, असं कॉलेजनं लेखी कळवलंय.

संध्याकाळी इंदूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, भाऊजी, तुमचं ते मशीन लागलं त मले रांगेत बसाची पाळी येनार नाई ना? मी शब्द दिला. म्हटलं, तुम्ही फक्त तारखेला गाडी आणा. त्या म्हणाल्या, देव तुमचं भलं करो. रजनी बाजूलाच भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. विश्वास ही गोष्ट या घरात मावसबहिणीकडूनच मिळते.

६ ऑक्टोबर.

मुख्य प्रश्न: सर्व्हर कुठे ठेवायचा? सर्व्हर म्हणजे तो संगणक, ज्याच्यात सगळी सिस्टीम राहते आणि जो कधीच बंद करायचा नाही. लोक भाड्यानं घेतात. मी स्वतःचा ठेवणार. दुसऱ्याच्या गोठ्यात आपली गाय कोण बांधतो?

जागा: स्वयंपाकघरामागची कोठी. थंड, अंधारी, दाराला कुलूप. लोणच्याच्या बरण्या बाहेर काढल्या. रजनीनं विचारलं, बरण्या कुठे ठेवू. मी म्हटलं, जिल्ह्याच्या कापसाचा प्रश्न आहे आणि तुला बरण्या दिसतात. ती म्हणाली, बरण्यांमध्ये लोणचं तरी आहे.

१० ऑक्टोबर.

भारनियमन सहा तास. इन्व्हर्टर लावला. सर्व्हर चार तास चालला, मग इन्व्हर्टर गेला, मग सर्व्हर गेला, मग लाइट आली.

कोठी वाटली तितकी थंड नाही. कूलर आणून ठेवला. ऑक्टोबरचं ऊन आहे, कूलरशिवाय माणूस टिकत नाही तर मशीन काय टिकणार.

११ ऑक्टोबर.

कूलर ओली हवा फेकतो, हे लक्षात घ्यायला हवं होतं. मशीन उघडून गच्चीवर वाळत घातलं. शेजारच्या वाळवणाच्या वड्या आणि माझी हार्ड डिस्क एकाच चादरीवर. चादर एकच होती, त्याला इलाज नाही.

१३ ऑक्टोबर.

पियूषला पुण्याला फोन केला. माझा जुना विद्यार्थी. माझ्या क्लासमध्ये पहिल्यांदा माऊसला हात लावला होता त्यानं, आता मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळतो. म्हणाला, सर, स्वतःचा सर्व्हर काहून ठेवता, साधं होस्टिंग भाड्यानं घ्या, एक डेटाबेस, एक टेबल, शनिवारी बसलात तर रविवारी चालू. मी हसलो. पुण्यात गेल्यावर माणसाच्या विचारांची खोली कमी होते.

तरी भाड्याचा पर्याय विचारात घेतो. पियूष म्हणाला म्हणून नाही. चादर रजनीला परत पाहिजे म्हणून.

१७ ऑक्टोबर.

भाड्यानं घ्यायचं ठरलं. पण कसं? दहा जणांत एक मशीन वाटून, मशीनचा स्वतंत्र हिस्सा की अख्खं मशीन? त्यावर विंडोज की लिनक्स? तक्ता केला. चौदा रकाने. सुरक्षितता, वेग, भविष्य, प्रतिष्ठा, वगैरे. प्रत्येक पर्यायाला दहापैकी गुण. बेरीज केली तर तिन्ही पर्यायांना सारखेच गुण पडले. म्हणजे तक्ता निष्पक्ष झाला आहे. पंधरावा रकाना वाढवला.

प्रोग्रामची एक ओळ अजून लिहिलेली नाही. पण पाया पक्का झाल्याशिवाय भिंती चढवणाऱ्यांची घरं आम्ही पाहिली आहेत.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन.

रजनीनं पूजेत काय ठेवू विचारलं. तक्ता ठेवला. सतरा रकाने.

रामधनजींचा फोन. त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला. त्यांना अजून काही म्हणायचं असावं.

३० ऑक्टोबर.

लिनक्स! अख्खं मशीन! ठरलं! रजनीला सांगितलं. ती जिल्हा परिषदेत क्लार्क आहे, दिवसभर फायली उचलते, तिला निर्णयाचं मोल कळत नाही. म्हणाली, छान, आता पोह्यांत मीठ कमी आहे का सांगा.

आता फक्त डेटाबेस. डेटाबेस म्हणजे संगणकातली वही. कोणाचा कितवा नंबर, कोणती तारीख, सगळं त्यात. वही चुकीची निवडली तर सर्व्हर कितीही मोठा असून उपयोग नाही.

८ नोव्हेंबर.

खरेदी सुरू झाली. रांगही सुरू झाली. रामधनजी म्हणाले, बाबूसिंगचं गेरूचं काम चालू ठेवलं आहे, तुमचं झालं की सांगा. स्वरात काहीतरी होतं. मी म्हटलं, रामधनजी, शंभर वर्षं रांग चालली, अजून पंधरा दिवस चालू द्या.

निकितानं जेवताना विचारलं, काका, आईची गाडी डिसेंबरात निघेल, तोवर होईल ना. तिची परीक्षा अठरा डिसेंबरला. मी तिला पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन डेटाबेसमधला फरक समजावून सांगितला. ती तीन वेळा हो म्हणाली आणि शेवटी पुन्हा तेच विचारलं. हल्लीच्या मुलांचं लक्ष एका जागी राहत नाही.

१६ नोव्हेंबर.

पियूष म्हणतो, सगळे मायएसक्यूएल वापरतात. सगळे वापरतात, एवढं कारण मला पुरेसं आहे ते न वापरायला. मी पोस्टग्रेस घेतला. का? कडक आहे म्हणून. एकदा नियम सांगितला की मोडू देत नाही. या जिल्ह्यात नियम न मोडणारं काहीतरी एक तरी असावं.

२१ नोव्हेंबर.

आजचा दिवस लक्षात राहील. सकाळी दाढी करताना सुचलं.

रांगेतला सगळा गोंधळ का होतो? एकाच माणसाच्या तीन गाड्या, भावाच्या नावानं एक, मेव्हण्याच्या नावानं एक. उपाय: प्रत्येक टोकन सातबाऱ्याला बांधायचं! सातबारा म्हणजे शेताचा सरकारी उतारा, तो तर खोटं बोलत नाही. एक सातबारा, एक टोकन, अख्ख्या हंगामात एकदाच. तोच सातबारा दुसऱ्यांदा टाकला की डेटाबेस दारातूनच परत पाठवणार. मी नाही, रामधनजी नाही, कलेक्टर आले तरी नाही.

हा विचार पुण्यात कोणाला सुचला नसता. त्यांना सातबारा कशाशी खातात ते माहीत नाही.

२४ नोव्हेंबर.

दिग्रसला जाऊन डेमो दिला. रामधनजी, दोन संचालक आणि दाराशी उभा बाबूसिंग. एक सातबारा दोनदा टाकून दाखवला. स्क्रीनवर लाल अक्षरात: नोंद आधीच आहे. संचालकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे एकानं.

निघताना बाबूसिंग म्हणाला, साहेब, सातबाऱ्यावर त मेलेले लोकं हायेत. रांगेत जिते उभे राह्यतात. म्हातारा मरते, फेरफार होत नाई, एकाच उताऱ्यावर चार भाऊ येगळे येगळे शेत वाहतात. मले चेहरा मालूम हाय, बैल मालूम हायेत. तुमच्या मशीनले काय मालूम?

मी त्याला प्रेमानं समजावलं, की बदलाला विरोध करणं हा मनुष्यस्वभाव आहे. त्याची नोकरी जाणार, म्हणून तो बोलला. वाईट वाटलं. पण प्रगतीच्या गाडीखाली कोणीतरी येतंच.

४ डिसेंबर. दुपारी १.

चालू!!!

सकाळी दहाला टोकन खुली केली. पुढच्या पंधरा दिवसांची सहाशे टोकनं. दहा वाजून चाळीस मिनिटांनी सहाशेच्या सहाशे संपली! सर्व्हर हललासुद्धा नाही. चाळीस मिनिटांत सहाशे शेतकरी! आणि म्हणे विदर्भातला शेतकरी मागासलेला. पियूषला फोन करून आकडा सांगितला. तो गप्प झाला. जळतो.

रजनीला ऑफिसात फोन केला. ती म्हणाली, इंदूचं झालं का. म्हटलं, सहाशेत असेलच.

५ डिसेंबर.

नोंदी तपासल्या. सहाशेपैकी पाचशे ऐंशी टोकनं एकाच पत्त्यावरून, दिग्रसच्या एका नेट कॅफेतून घेतलेली. म्हणजे अख्खा तालुका एका छताखाली जमून नंबर लावत होता. हे दृश्य पाहायला मी तिथे हवा होतो. सहकार सहकार म्हणतात तो हाच.

पियूष म्हणाला, सर, एकाच माणसानं सगळ्यांचे सातबारे जमा करून लावले असतील. पुण्याला राहिलं की माणूस माणसावर विश्वास ठेवायचा विसरतो.

७ डिसेंबर.

इंदूबाईंचा फोन. बारा मैलांवरून सायकलवाल्याच्या मागे बसून नेट कॅफेत गेल्या होत्या. टोकन मिळालं नाही. लाल अक्षरं आली.

पाहिलं. त्यांच्या शेताचा सातबारा अजून सासरे रामराव यांच्या नावानं. रामराव वारून नऊ वर्षं झाली. धाकटा दीर नानाजी आणि इंदूबाई अर्धं अर्धं कसतात, कागद एकच. नानाजीनं तो कागद दिग्रसच्या एका दलालाला दिला आणि दलालानं चार तारखेलाच टोकन काढलं. कै. रामराव यांना आठ तारीख मिळाली आहे.

सिस्टीमनं नियमाप्रमाणे काम केलं. डुप्लिकेट पकडलं. तांत्रिक दृष्टीनं हे यश आहे.

हे इंदूबाईंना सांगितलं.  त्या म्हणाल्या, पन भाऊजी, वावर त मी वाहून राह्यली ना.

८ डिसेंबर.

रजनी म्हणाली, तो नियम काढून टाका. पियूष म्हणाला, सर, एक ओळ आहे, काढून टाका. निकिता ताट घेऊन आत गेली.

यांना कळत नाही. ज्या नियमासाठी मी हा डेटाबेस निवडला, तोच काढायचा? नात्यातली बाई आली की वाकायचं, मग बाबूसिंगच्या गेरूत आणि माझ्यात फरक काय राहिला? बदल करायची रीतसर पद्धत मीच लिहून ठेवली आहे. लेखी अर्ज, कारण, तपासणी, मंजुरी. अर्ज केला. अर्जदार: मी. मंजुरी देणारा अधिकारी: मी. सोमवारी निर्णय घेईन.

१० डिसेंबर.

रामधनजींचा फोन. गोदाम भरत आलं, वरून पत्र आलं, वीस डिसेंबरला खरेदी बंद. त्यानंतर कापूस घेणार नाहीत. पुढे म्हणाले, सर, रोज टोकनवाले म्हणून एकाच माणसाचे ट्रक येऊन राह्यले आणि गाड्यावाले बाहेरच उभे. तुमच्या मशीननं सांगतलं म्हणून मले आत घ्यावं लागते.

मी म्हटलं, त्याला बल्क यूजर म्हणतात.

त्यांनी फोन ठेवला. शिष्टाचार नावाची गोष्ट सहकारात उरली नाही.

११ डिसेंबर, सोमवार.

अर्ज नामंजूर. कारण: एकासाठी बदल केला तर सगळ्यांसाठी करावा लागेल.

नामंजूर लिहिताना बरं वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

१३ डिसेंबर.

इंदूबाईंनी गाडी काढली. टोकन नसलेल्यांची वेगळी रांग लागते, गेटच्या डाव्या बाजूला. टोकनवाले आटोपले की उरलेल्या वेळात बाबूसिंग त्यांच्यातल्या पाच-सात गाड्या आत सोडतो. यांचा नंबर एकोणतिसावा. वर्षभराचा सगळा कापूस त्या एका गाडीत आणि वीसच्या आत काटा, म्हणजे वजन, झाला नाही तर घरी परत न्यायचा.

निकिता दुपारच्या एसटीनं गेली. पुस्तकं घेऊन गेली. म्हणाली, मायले एकटी कशी ठेवू, चार दिवसांत नंबर लागन, मी सतराला येतो वापस.

रजनीनं दार लावलं आणि म्हणाली, तुम्ही जाऊन बसा ना त्या गाडीपाशी. पोरीला परत पाठवा. माझी रजा होत नाही, नागपूरला अधिवेशन चालू आहे, रविवारीसुद्धा बोलावलंय. तुम्हाला कोणतं ऑफिस आहे?

मी म्हटलं, सर्व्हरवर लक्ष कोण ठेवेल.

रजनी माझ्याकडे पाहत राहिली. एकोणीस वर्षांत असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं.

१५ डिसेंबर.

सर्व्हर अकरा दिवस एक मिनिटही बंद नाही. ही नोंद कोणी तरी घ्यायला हवी.

कोणी घेत नाही.

१६ डिसेंबर.

फोन आला, अकरावा नंबर. निकितानं बाबूसिंगच्या फोनवरून केला होता. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. म्हणाली, काका, उद्या काटा झाला नाई त मी कशी येऊ? इथं रात्री दारू पिऊन फिरतात लोकं, माय बसल्या बसल्या जागते.

मी तिला धीर दिला. म्हटलं, अभ्यास चालू ठेव.

१७ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ.

आठवा नंबर. काटा झाला नाही.

ठरलं, मी जातो. होय, मीच. पहाटे साडेपाचची एसटी, पावणेआठला दिग्रस. मी गाडीवर बसायचं, निकितानं आठच्या एसटीनं निघायचं, सव्वादहाला यवतमाळ. अकराला पेपर. पाऊण तास हातात. वेळापत्रक कागदावर लिहून रजनीला दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि मला दोन भाकरी बांधून द्यायचं कबूल केलं. बाबूसिंगच्या फोनवरून निकिताला कळवलं. बाबूसिंग म्हणाला, पोरगीनं सांगतलं, आठले स्टँडवर उभी राह्यते.

यात एक समाधान आहे, की योजना साधी आहे. साध्या योजना फसत नाहीत. घड्याळाला चारचा गजर.

१८ डिसेंबर. दिग्रस, खरेदी केंद्राबाहेर. दुपारी १२.

खरं काय झालं ते लिहितो.

चारला उठलो. सव्वाचारला तयार. हातात तासभर होता. म्हटलं, निघायच्या आधी एकदा सर्व्हर पाहून घेऊ. पाहिला. सगळं ठीक होतं. मग वाटलं, पहाटेची वेळ आहे, कोणी वापरत नाही, डेटाबेसची नवी आवृत्ती आली आहे ती चढवून टाकू, वीस मिनिटांचं काम. वीस मिनिटांनी पाच वाजायला आले होते आणि सिस्टीम अर्धी नवी, अर्धी जुनी, धड कोणतीच चालू नाही. ती तशी टाकून उठायला हवं होतं. उठलो नाही. दोनदा घड्याळाकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा वाटलं, होतं. रजनी आंघोळ करून बाहेर आली तेव्हा सहा वाजले होते. तिनं भाकरीचं फडकं टेबलावर ठेवलं आणि ऑफिसला जायच्या साडीला इस्त्री करायला लागली. 

साडेआठची एसटी मिळाली. पावणेअकराला पोचलो.

निकिता गाडीवर बसली होती. कॉलेजचा पांढरा गणवेश घालून. आठला स्टँडवर जायचं म्हणून गाडीच्या आडोशाला पहाटेच घातलेला. नऊपर्यंत स्टँडवर उभी राहिली आणि मग परत आली. गणवेशाला जागोजागी कापूस चिकटला होता. मी सांगायला लागलो, की पाचच मिनिटं म्हणून बसलो होतो. ती म्हणाली, राहू द्या काका. रडली नाही. पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं, हॉल तिकीट त्याच पिशवीत, आणि पिशवीला गाठ मारली.

अकरा वाजले तेव्हा आम्ही तिघंही तिथेच होतो.  समोरून ट्रक आत गेला.

नंबर अजून सहावा. बाबूसिंग म्हणाला, उद्या संध्याकाळपावतर गाडी घालतो आत, माही जिम्मेदारी. माझी सिस्टीम पहाटेपासून बंद आहे. त्यामुळे आज टोकनवाले कोण हे संघात कोणाला सांगता येत नाही, म्हणून तासाभरापासून डावीकडची रांग जरा सरकते आहे. या हंगामात माझ्याकडून या लोकांचं झालेलं काम एवढंच, आणि तेही मी न ठरवता.

मी कारण लिहायला बसलो होतो. ही डायरी त्यासाठीच आहे, अडीच महिने तेच केलं. आज एकही सापडत नाही. मला लाज वाटते. चार दिवस इथे येऊन बसलो असतो तरी पुरलं असतं. त्याला सर्व्हर लागत नव्हता.

इंदूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, आले का भाऊजी, बरं झालं, बसा. पोरगी रातभर जागी हाय, घडीभर झोपन. निकिता गाडीखाली गोणपाटावर तशीच गणवेशात झोपली. इंदूबाईंनी माझ्या हातात काठी दिली. रस्त्यावरची ढोरं सरकीच्या वासानं येतात आणि ताडपत्री ओढून कापूस खातात, तेवढं पाहायचं. त्या पाणी आणायला गेल्या.

हे लिहीत असताना मागून गाय आली. कळलं तेव्हा तिचं तोंड कापसानं भरलेलं होतं. इंदूबाई हंडा घेऊन परत येत होत्या, तिथूनच ओरडत धावल्या, गाय हाकलली, ताडपत्री नीट खोचली. मग माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि स्वतः बसल्या.